वाक्य पुरं होईपर्यंत

"रे-आ-प्रो-व्हि-झ्यो-न-ऱ्यों." दर अक्षराला टेबलावर एकेक बोट टेकवत प्रोस्पेर बास्कू शेवटपर्यंत पोचला आणि खुर्चीत मागे रेलला.

"सुरेख," मॅडम कारॉन म्हणाल्या. "आता बोटांशिवाय."

त्याने हात मांडीवर ठेवले आणि तेच फ्रेंच क्रियापद एका दमात म्हणून टाकलं. 'आम्ही पुन्हा माल भरून घेतला असता' एवढाच त्याचा अर्थ, आणि हे रूप कुणी खरोखर बोलल्याचं त्याच्या कानावर कधी आलं नव्हतं. गावातला किराणावालासुद्धा 'आणू माल' म्हणून मोकळा होतो. पण स्वतःचं नाव सांगताना ज्याला घाम फुटायचा असा हा सत्तरी गाठलेला माणूस, असली लांबलचक रूपं मालगाडीसारखी, एकही डबा न घसरवता, पार करत होता.

"हे कसं काय?" त्याने विचारलं. "लांब ते जमतं आणि आखूड ते नाही?"

"एकदा आत शिरलात की पुढची अक्षरं तुम्हाला ओढून नेतात, मस्यू बास्कू. अडतं ते दारातच." मॅडम कारॉन उत्तरेकडच्या, वयाने त्याच्या नातीसारख्या, आणि बोलताना शब्दांची शेपटं गिळणाऱ्या. तोतऱ्या आणि अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणं हा त्यांचा व्यवसाय होता. "आणि तुमचा हा दक्षिणेचा हेल सोडू नका बरं का. 'घडवतात' ह्याला आम्ही 'प्रेपार' म्हणतो आणि शेवटचा स्वर खाऊन टाकतो. तुम्ही 'प्रे-पा-र' म्हणता. ती एक जादा पायरी आहे तुमच्याकडे, पाय टेकायला. तिचा उपयोग करा."

प्रोस्पेरने मान डोलावली. लहानपणी ह्याच हेलावरून तालुक्याच्या डॉक्टरने त्याला झापलं होतं, त्यामुळे आता त्याची तारीफ ऐकताना त्याला जरा गंमत वाटली.

मग मॅडम कारॉननी कायद्याचा कागद पुढे सरकवला. नगरपालिकेत लग्न लावायचं तर लावणाऱ्याने वधूवरांसमोर काही कलमं मोठ्याने वाचावी लागतात. एकमेकांचा मान राखावा, एकनिष्ठ राहावं, अडीअडचणीला धावून जावं. ह्या ओळी प्रोस्पेरने धापा टाकत का होईना, पार केल्या. घरखर्चाला दोघं आपापल्या ऐपतीप्रमाणे 'कोंत्रिब्यू', म्हणजे हातभार लावतात, तेही झालं. पुढे मुलांचं कलम. त्यांच्या शिक्षणाची ते तजवीज करतात आणि त्यांचं भविष्य घडवतात. ही 'तजवीज करतात' त्याची वैरीण होती. कागदावर चांगली ऐसपैस, शेवटची तीन अक्षरं नुसती शोभेला, आणि बोलायला जेमतेम दोन तुकडे: पुर्-व्वा.

प्रोस्पेरने ओठ मिटले आणि ते मिटलेलेच राहिले. मानेची शीर ताठ झाली, उजवा डोळा बारीक झाला, पण आवाज काही बाहेर येईना. मॅडम कारॉननी घड्याळाकडे पाहिलं नाही, खिडकीबाहेरही पाहिलं नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या.

"पुर्व्वा," तो शेवटी म्हणाला. आवाज घोगरा आला.

"आला की नाही?"

"शनिवारी असं झालं तर?"

"तर थांबायचं. जोर लावायचा नाही. श्वास सोडायचा आणि पुन्हा हलके ओठ मिटायचे."

"लोक थांबत नाहीत, मॅडम."

"मग त्यांना सांगा थांबायला."

प्रोस्पेर हसला. "तेवढं सांगायला तोंड उघडावं, तर ते वाक्यही लोकच पुरं करून मोकळे होतात."

बाहेर गुडघ्याएवढ्या खुर्च्यांवर मुलं आपापल्या आयांबरोबर नंबर लावून बसली होती. त्यांच्यामधून टोपी हातात घेऊन तो निघाला. इथे येतो हे त्याने गावात कुणाला सांगितलं नव्हतं. गुडघ्याला शेक घ्यायला जातो म्हणून सांगितलं होतं, आणि तेही त्याच्या मित्राने, कॅफेवाल्या लुसियाँनेच, त्याच्या वतीने सगळ्यांना सांगितलं होतं.

प्रोस्पेरने आयुष्यभर कालव्याच्या जलद्वारावर नोकरी केली. नाव आत आली की मागचं दार लावायचं, पाणी चढू द्यायचं, दोन्हीकडे सारखं झालं की पुढचं दार उघडायचं. नावाडी कितीही ओरडला तरी पाणी आपल्या वेळेनेच चढतं, म्हणून ही नोकरी त्याला आवडायची. तिथे सगळ्यांनाच थांबावं लागायचं. ओठ मिटून फुटणारी अक्षरं, प आणि ब, त्याला लहानपणापासून अडवायची, आणि बापाने तर पोराला नाव ठेवलं होतं प्रोस्पेर, आडनाव बास्कू. देवाने चेष्टा करायचं ठरवलं की ती अशी करतो.

त्याच्या लग्नाची गोष्ट गावात अजून सांगतात. त्या वेळचा म्हातारा मेयर, समोर नवरी आर्लेत, मागे साक्षीदार म्हणून जिवलग मित्र लुसियाँ रुकेत. मेयरने विचारलं, हिच्याशी लग्न करायला तयार आहेस का? उत्तर म्हणजे एवढासा 'वी', आपला 'हो'. प्रोस्पेरचे ओठ गोल झाले आणि तसेच राहिले. सभागृहात आधी खोकले, मग खुसफूस, मग हसणं. न राहवून लुसियाँने मागून 'वी' म्हणून टाकलं. "तुझं लग्न नाहीये, रुकेत," मेयर म्हणाला आणि सगळे खो खो हसले. मग मेयरच कंटाळून म्हणाला, "जाऊ द्या, म्हणाला असं धरून चालू." तेव्हा आर्लेत म्हणाली, "नाही. त्याला म्हणू द्या. मला कुठे जायचं नाहीये." आणि हात मांडीवर घेऊन ती उभ्याची खाली बसली. प्रोस्पेरचा 'वी' येईपर्यंत बसून राहिली.

संसारातही ती तशीच राहिली. तो अडला की ती त्याच्या तोंडाकडे बघत बसायची नाही. घेवड्याच्या शेंगांची परात जवळ ओढायची आणि सोलायला लागायची. अंगठ्याने शेंग उघडायची, दाणे परातीत, साल टोपलीत. शब्द यायचा तेव्हा यायचा. शेंगा नसल्या तर तिची बोटं रिकामीच चालायची. आर्लेतला जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि ह्या तीन वर्षांत प्रोस्पेरने एकही अवघड वाक्य शेवटपर्यंत नेलं नव्हतं. गरजच पडत नव्हती. त्याची वाक्यं गावच पुरी करायचं.

गाव वाईट नव्हतं. उलट त्याच्यावर जीव होता सगळ्यांचा. निवडणुकीत त्याला सर्वांत जास्त मतं पडली, कारण एकही आश्वासन न देणारा तो एकटाच उमेदवार होता, असं लुसियाँ कॅफेत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मेयरबाई, मॅडम एस्तेव्ह, त्यांनी त्याला आपला पहिला सहायक केलं. काम सहीशिक्क्याचं. भाषणं त्या करायच्या, लग्नं त्या लावायच्या. आणि मग ऑगस्टमध्ये अंजिराच्या झाडावरून पडून त्यांनी मांडीचं हाड मोडून घेतलं.

त्याच आठवड्यात क्लेमांस आली. लुसियाँची मुलगी, आर्लेतची धर्मकन्या. लहानपणी ती कॅफेतल्या गोंगाटापेक्षा कालव्याकाठी ह्यांच्या ओट्यावरच जास्त असायची. आता तुलूझला नर्स होती, आणि यान नावाच्या एका उंच, लाजऱ्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं.

"काका, तुम्हीच लावायचं आमचं लग्न," ती म्हणाली.

प्रोस्पेरने मान हलवली. "दुसरा सहायक गाल्तिए आहे ना. त्याचा आवाज छान आहे."

"गाल्तिएंचा आवाज घेऊन मी काय करू? ते वाचतात तेव्हा लिलाव चालल्यासारखं वाटतं."

"क्लेमांस, लोक हसतील."

"हसू देत."

"तुझ्या लग्नात?"

ती ओट्याच्या कडेवर टेकली. मग म्हणाली, "आर्लेतमावशी असती तर ती पहिल्या बाकावर बसली असती. ती नाही. तुम्ही तरी समोर हवे आहात मला. कितीही वेळ लागू दे. मी काही कुठे पळून जाणार नाहीये." तिच्या लक्षात आलं नाही की हेच वाक्य, थोड्या फरकाने, फार वर्षांपूर्वी त्याच सभागृहात कुणीतरी बोललं होतं. प्रोस्पेरच्या आलं. त्याने हो म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या बसमध्ये बसून मॅडम कारॉनचं दार वाजवलं.

तर त्या बुधवारी, मालगाडीसारखी क्रियापदं म्हणून झाल्यावर, तो संध्याकाळच्या बसने परतला. पाव कॅफेतच मिळायचा. पुढून गेलं की दहा जण गुडघ्याची चौकशी करणार, म्हणून तो मागच्या दाराने कोठीच्या खोलीत शिरला. पावाची टोपली तिथेच असायची. टोपलीला हात घालणार तोच आतून त्याला ऐकू आलं.

"पुर्-व्वा!"

निदान वीस जणांचा आवाज. प्रोस्पेरचा हात तसाच राहिला.

"छान," लुसियाँ म्हणाला. दाराच्या फटीतून तो दिसत होता. गल्ल्यापाशी उभा, हातात लाकडी डाव, चर्चमधल्या गायनमास्तरसारखा. "पण मोठ्याने नको. हळू, जसं काही त्याच्याच तोंडून आलं. तो अडला की मी हात वर करणार, आणि मग आपण सगळ्यांनी एकदम. मॅडम फाब्र, तुम्ही शेपूट लावताय."

खाटकाच्या विधवा मॅडम फाब्र ठसक्यात म्हणाल्या, "मी वाचते ते बरोबर आहे. पुर्-व्वा-याँ. लिहिलंय तर म्हणायचं का नाही?"

"लिहायचं, म्हणायचं नाही."

"मग लिहायचं कशाला? शाई काय फुकट येते?"

"ते तुम्ही पॅरिसला विचारा, मॅडम. आता पुढचं. प्रेपार."

"प्रे-पा-र," अर्ध्या लोकांनी म्हटलं. उरलेले 'प्रेपार'वरच थांबले.

"हा पोस्टमन बघा, तुलूझला जाऊन आल्यापासून शब्द तोडायला लागलाय," कुणीतरी म्हणालं. "प्रोस्पेर शेवटपर्यंत म्हणतो. आपण त्याच्यासारखं म्हणायला हवं, नाहीतर कळेल."

"कळलं तर कळलं," लुसियाँ म्हणाला. "सुटेल तरी बिचारा. चला, 'ते' पासून. एक, दोन…"

प्रोस्पेर कोठीत सोड्याच्या बाटल्यांच्या क्रेटांच्या मधोमध उभा होता. चेष्टा असती तर त्याने सहन केली असती. चेष्टेची त्याला सवय होती. पण ही माणसं दिवसभर द्राक्षं तोडून, पाठी मोडून आलेली, घरी जेवायला न जाता त्याच्यासाठी इथे कायद्याची कलमं पाठ करत होती. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? तरीही त्याला राग आला. इतका की कान तापले. त्याच्या तोंडातला शब्द त्याच्या आधी त्यांनी वाटून घेतला होता. पाव न घेता तो आल्या वाटेने बाहेर पडला.

घरी त्याने सूप गरम केलं आणि शिळ्या पावाच्या तुकड्याबरोबर खाल्लं. गाल्तिएला फोन करावा आणि लग्न लावणाऱ्याचा पट्टा त्याच्या गळ्यात टाकून मोकळं व्हावं असं दोनदा मनात आलं. पण फोन म्हणजे समोरच्याला नाव सांगणं आलं. त्याने तो उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुसियाँ काखेत पाव घेऊन कालव्यावर हजर झाला. प्रोस्पेर बाकावर बसला होता. समोर जलद्वारात एक परदेशी जोडपं आपल्या भाड्याच्या नावेत पाणी चढायची वाट बघत होतं.

"काल पाव न्यायला विसरलास," लुसियाँ म्हणाला. "म्हटलं, गुडघा जास्तच…"

"आलो होतो. मागून."

लुसियाँचा चेहरा पडला. त्याने पाव बाकावर ठेवला आणि स्वतः शेजारी बसला. "हे बघ, आम्ही फक्त तुला…"

"मदत. माहीत आहे."

"मग?"

"नको."

"नको म्हणजे काय? अरे, सगळ्या गावासमोर तू उभा राहणार, यानचे नातेवाईक येणार लांबून, आणि तू त्या 'पुर्व्वा'पाशी अडकलास, तर मी काय करू? हातावर हात ठेवून…"

"हो. तसाच."

"माझ्या मुलीच्या लग्नात?"

"तिने सांगितलंय. तू नाही." प्रोस्पेरने श्वास सोडला. त्याला पुढचं वाक्य फार दिवसांपासून म्हणायचं होतं, म्हणून ते सहज निघेना. "लुसियाँ, शाळेत असल्यापासून तू माझी वाक्यं—"

"पुरी करतो."

"प—"

"पळवतो? पाठ करतो?"

प्रोस्पेर थांबला. लुसियाँच्याही लक्षात आलं आणि तो ओशाळून नावेकडे बघू लागला. मग आपणहून, खालच्या आवाजात बोलला.

"तू फळ्यापाशी उभा असायचास. मास्तर विचारायचे, तुला उत्तर यायचं, तोंडातून निघायचं नाही, आणि पोरं हसायची. मी ओरडून उत्तर दिलं की ती हसायची थांबायची. तेवढ्यासाठी, लेका. तुला अडकलेलं बघवत नाही मला. तेव्हाही नाही, आत्ताही नाही."

हे प्रोस्पेरला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्याला वाटायचं की लुसियाँला नुसती घाई असते. त्याने पावाचं टोक मोडलं आणि ते बोटांत फिरवत राहिला.

"ती पोरं आता म्हातारी झाली," तो शेवटी म्हणाला. "थोडी गेलीसुद्धा. कुणी हसत नाही आता. तू मात्र अजून ओरडतोस."

लुसियाँने पायाखालचा एक खडा टाचेने कालव्यात ढकलला.

"आणि एक सांगू?" प्रोस्पेर म्हणाला. "तुझ्याकडे आलो की तू माझ्यासमोर काय ठेवतोस?"

"पास्तिस. तुझं नेहमीचं."

"मला ती बडीशेपेची दारू आवडत नाही."

लुसियाँने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "काय?"

"मला हवं असतं…" ओठ मिटले. लुसियाँच्या तोंडात शब्दांची रांग लागली होती हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, पण ह्या वेळी तो काही बोलला नाही. समोर पाणी काठाला लागलं. "…पानाशे. लिंबू घातलेली बिअर."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू 'प' ऐकलास आणि ओतलंस."

"आणि चाळीस वर्षं तू पितोयस?"

"ओतून झालेलं असायचं."

"मग सांगितलं का नाहीस, गाढवा?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रोस्पेरने खांदे उडवले. लुसियाँ आधी हसला, मग त्याने रुमाल काढून उगाचच नाक शिंकरलं. जलद्वार उघडलं आणि नाव पुढे गेली. नावेतल्या बाईने हात हलवला, दोघांनीही हात हलवला.

"मला नाही जमणार, प्रोस्पेर," उठताना लुसियाँ म्हणाला. "तोंड गप्प ठेवायला मला जमत नाही हे तुला माहीत आहे."

"मलाही ते वाचायला जमणार नाही," प्रोस्पेर म्हणाला. "आपण दोघंही जाऊ."

शनिवारी नगरपालिकेचं सभागृह भरून गेलं. लग्न चालू असताना दारं उघडी ठेवायची असा कायदाच आहे, म्हणजे कुणाला हरकत घ्यायची असेल तर आत येता यावं. त्या उघड्या दारांतून चिरडलेल्या द्राक्षांचा आंबूस वास येत होता. प्रोस्पेरच्या छातीवर तिरंगी पट्टा होता. आदल्या रात्री इस्त्री करताना त्याने त्याची एक कड थोडी पिवळी केली होती, ती त्याने काखेखाली दडवली होती. शेजारी नगरपालिकेच्या सचिव मॅडम प्युजोल बसल्या होत्या. समोर क्लेमांस आणि यान. पहिल्या बाकावर लुसियाँ, त्याच्या बाजूला मॅडम फाब्र, मागे सगळं गाव, आणि दुसऱ्या बाजूला यानची माणसं, ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

त्याने वाचायला सुरुवात केली. आवाज लहान होता. मान राखावा, ह्या ओळीवर एकदा अडकला आणि सुटला. एकनिष्ठ राहावं, तिथे दोनदा. यानच्या आईने भुवया वर केल्या आणि नवऱ्याच्या कानात काही विचारलं. प्रोस्पेरने ते पाहिलं. बोटं टेबलावर टेकवत तो पुढे गेला. 'कों-त्रि-ब्यू' ठणठणीत निघालं. मग मुलांचं कलम आलं. तो 'ते' म्हणाला, आणि ओठ मिटले.

ते मिटलेलेच राहिले. शीर ताठ झाली, डोळा बारीक झाला. त्याने कागद खाली ठेवला. सभागृहात प्रत्येकाला तो शब्द येत होता. वीस-पंचवीस जणांना तर तो तालासुरात येत होता. मॅडम फाब्र पुढे झुकल्या, त्यांच्या ओठांनी 'प'चा आकार घेतला. बाकं करकरली. सगळ्यांच्या नजरा लुसियाँच्या हाताकडे लागल्या होत्या, कारण हात वर झाला की म्हणायचं असं ठरलं होतं.

लुसियाँचा हात वर झाला. पण तो पालथा होता. कुत्र्याला जागेवर बसवावं तसा त्याने तो हवेत आडवा धरला आणि तसाच ठेवला. दुसऱ्या हाताने त्याने मॅडम फाब्रचं मनगट पकडलं होतं. स्वतःचा खालचा ओठ त्याने दातांत इतका घट्ट धरला होता की तो पांढरा पडला होता, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. लुसियाँ रुकेतने आयुष्यात एवढं मोठं काम कधी केलं नसेल.

कुणी खोकलं नाही. रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला, तो अगदी लांब जाईपर्यंत ऐकू आला. प्रोस्पेरने जोर लावायचं सोडून दिलं. श्वास जाऊ दिला. समोर इतकी माणसं होती आणि त्यांतलं एकही त्याचं वाक्य हिसकावून घेत नव्हतं. आर्लेत गेल्यापासून हे त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. त्याने पुन्हा हलके ओठ मिटले.

"पुर्व्वा," तो म्हणाला. "मुलांच्या शिक्षणाची. आणि त्यांचं भविष्य प्रे-पा-र." शेवटच्या पायरीवर त्याने पाय नीट टेकवला आणि कागद उलटला.

लुसियाँने हात खाली घेतला. मॅडम फाब्र आपलं मनगट चोळत राहिल्या.

यानने आपला होकार घाबरून इतक्या घाईने दिला की प्रश्न संपायच्या आत तो आला. मग प्रोस्पेरने क्लेमांसला विचारलं, आणि तो प्रश्न मात्र त्याने एकदाही न अडता विचारला.

क्लेमांसने तोंड उघडलं आणि तिला रडू कोसळलं. ती हसत होती, डोळे पुसत होती, मान हलवत होती, पण शब्द काही येईना. यानने गोंधळून तिचा हात धरला. मागे कुणीतरी कौतुकाने हसलं. मॅडम प्युजोल घड्याळाकडे बघून प्रोस्पेरच्या कानाशी लागल्या, "मान हलवली तिने. झालं म्हणू या का? पाच वाजता दुसरी मंडळी येणार आहेत."

"नाही," प्रोस्पेर म्हणाला. "तिला म्हणू द्या. मला कुठे जायचं नाहीये."

आणि तो खुर्चीवर बसला. तिच्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलं नाही. दारातून कालव्याकाठची झाडं दिसत होती, तिकडे बघत राहिला. टेबलावर, कायद्याच्या कागदाशेजारी, त्याची बोटं चालायला लागली होती. अंगठा तर्जनीवरून सरकायचा, काहीतरी उघडायचा, टाकायचा आणि पुन्हा वळायचा. त्याचं त्याला भान नव्हतं.

क्लेमांसची नजर त्या बोटांवर गेली आणि तिथेच राहिली. तिचं रडू हळूहळू ओसरलं. परातभर शेंगा निम्म्या तरी सोलून व्हाव्यात एवढ्या वेळाने तिचा 'वी' आला. तो तिचा तिनेच म्हटला.